७१४, ७५५, ७६२: होमरनचे आकडे डोक्यात कसे राहतील?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून ओहायोत येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसच्या ट्रिव्हिया टीममध्ये तुम्हाला घेतलं, आणि क्रिकेटचे आकडे तोंडपाठ आहेत म्हणून बेसबॉलही तुमच्याकडेच सोपवलं. पुढच्या महिन्यात ‘मोठे फटकेबाज आणि त्यांचे टप्पे’ अशी फेरी आहे. तुम्ही दोनशे आकड्यांची यादी केलीत, रोज रात्री घोकता, पण ७१४, ७५५ आणि ७६२ यांत गफलत होतेच. ५११, ५१२, ५२१ तर एकमेकांत मिसळून जातात. शिवाय ‘खरा होमरन किंग कोण’ असं विचारलं तर काय सांगायचं, हेही तुम्हाला हवंय.

मी मूळची सांगलीची, न्यू जर्सीत सव्वीस वर्षं झाली. मुलाच्या लिटल लीगच्या सामन्यांत स्कोअरबुक लिहायला कुणी नव्हतं म्हणून मी पेन्सिल हातात घेतली, आणि त्या चौकोनांतून या खेळाची गोडी लागली ती कायमची. गेली अठरा वर्षं आमच्या गावच्या लायब्ररीत आणि मराठी मंडळात मी क्विझ घेते. म्हणजे मी बोलणार ते प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीतून.

तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. ब्रॅडमनचा ९९.९४ तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी येईल, कारण तो तुम्ही घोकलेला नाही. १९४८, ओव्हल, शंभरची सरासरी पूर्ण व्हायला फक्त चार धावा हव्यात आणि दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा, हे चित्र आधी मनात बसलं आणि आकडा त्याला चिकटला. ७१४ ला तसं चित्र तुमच्याकडे अजून नाही. यादीतल्या दोनशे आकड्यांपैकी पंचवीस-तीस ठेवा, पण प्रत्येकाबरोबर माणूस, मैदान, पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) आणि आधी तो विक्रम कुणाचा होता, एवढं असू द्या.

कुठले तीस, हे मात्र परिस्थितीवर ठरतं. प्रश्न काढणारा साठीचा असेल तर मँटल, मेज, ॲरन येणार. पस्तिशीचा असेल तर १९९८ चा उन्हाळा आणि ओहतानी. सेंट लुइसमध्ये पुहोल्स आणि मग्वायर यांच्यावाचून फेरी होत नाही, बॉस्टनमध्ये टेड विल्यम्सवाचून. तुमच्या टीममधल्या कुणी मागच्या वर्षीच्या फेऱ्या खेळल्या असतील तर आधी त्यांच्याकडून प्रश्नांची चव घ्या.

क्रिकेटमधून येणाऱ्यांसाठी एक माप सांगते. होमरन म्हणजे षटकारासारखा कुंपणापार गेलेला फटका, पण त्याच्या धावा ठरलेल्या नाहीत. बेसवर, म्हणजे मैदानातल्या तीन थांब्यांवर, जितके खेळाडू उभे असतील ते सगळे आणि मारणारा घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, येतात, म्हणजे एक ते चार. तिन्ही बेस भरलेले असताना मारला तर तो ग्रँड स्लॅम. आता हंगाम १६२ सामन्यांचा असतो, पूर्वी १५४ चा होता. हंगामात चाळीस म्हणजे उत्तम, पन्नास म्हणजे वर्षभर चर्चा, साठ म्हणजे इतिहास. कारकिर्दीत पाचशे झाले की माणूस वेगळ्या पंगतीत बसतो आणि सातशेच्या पंगतीत चारच पानं आहेत: बॅरी बाँड्स ७६२, हँक ॲरन ७५५, बेब रूथ ७१४, आल्बर्ट पुहोल्स ७०३.

आता कारकिर्दीची साखळी. तिची सुरुवात १३८ पासून करा. तो एकोणिसाव्या शतकातल्या रॉजर कॉनरचा आकडा. रूथने १९२१ मध्येच तो मागे टाकला आणि पुढची चौदा वर्षं तो स्वतःचाच विक्रम वाढवत राहिला. रूथ बॉस्टनमध्ये मुळात डावखुरा पिचर म्हणून नावाजला होता, पिचर म्हणून त्याच्या नावावर ९४ विजय आहेत. न्यू यॉर्क यँकीजने त्याला विकत घेतल्यावर १९२० च्या पहिल्याच हंगामात त्याने ५४ होमरन मारले. अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीग, म्हणजे तिथली सर्वोच्च स्पर्धा, दोन लीगची; त्यांतली ही एक) इतर कुठल्याही अख्ख्या टीमचे मिळून तेवढे झाले नव्हते. क्रिकेटमध्ये ब्रॅडमन इतरांपासून जेवढा दूर उभा आहे तेवढाच हा त्या काळात दूर होता. आणि हे दोघे भेटलेही होते, १९३२ मध्ये न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर.

७१४ चं चित्र हे: २५ मे १९३५, पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड. रूथ चाळीस वर्षांचा, पाय थकलेले, यँकीजनी सोडून दिलेला, बॉस्टन ब्रेव्ह्जकडून खेळतोय. त्या दुपारी त्याने तीन होमरन मारले आणि तिसरा उजव्या बाजूच्या स्टँडच्या छपरावरून बाहेर गेला. त्या मैदानाच्या छपरापार त्याआधी कुणी चेंडू नेला नव्हता. आठवड्याभराने तो निवृत्त झाला. छपरापार गेलेला म्हाताऱ्या सिंहाचा शेवटचा फटका, असं मनात ठेवलंत तर ७१४ हा आकडा पुन्हा कुठे जाणार नाही.

७५५ वर मला थोडं थांबू द्या. या खेळात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तिथे आहे. हँक ॲरन अलाबामातल्या मोबीलचा, जन्म १९३४. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्सकडून त्याने सुरुवात केली आणि १९५४ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून मेजर लीगमध्ये आला. पुढे टीमच अटलांटाला गेली. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. सचिन ९९ शतकांवर नागपूरपासून मीरपूरपर्यंत वर्षभर अडकला तेव्हा आपला सगळ्यांचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते आठवा. तसाच एक अख्खा हिवाळा ॲरनने ७१३ वर काढला, पण सचिनच्या मागे देश उभा होता. ॲरनला मात्र गोऱ्या रूथचा विक्रम एक काळा माणूस मोडणार म्हणून शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. त्या काळात त्याला नऊ लाखांच्या वर पत्रं आली. बरीचशी प्रेमाचीही होती, पण अंगरक्षक ठेवायची वेळ आली होती. पुढच्या वसंतापर्यंत आपण जिवंत राहू का, ही शंका घेऊन त्याने तो हिवाळा घालवला.

४ एप्रिल १९७४ ला सिनसिनाटीत, हंगामातल्या पहिल्याच फटक्यावर ७१४. मग ८ एप्रिलला अटलांटात, घरच्या मैदानावर, चौथ्या इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या आल डाउनिंगच्या चेंडूवर ७१५. चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे ब्रेव्ह्जच्याच बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर हात मोकळे करतात त्या जागेत पडला आणि टॉम हाऊस नावाच्या सहकाऱ्याने तो झेलला. दोन पोरं प्रेक्षकांतून उडी मारून त्याच्याबरोबर धावली. घरच्या बेसवर आईने त्याला घट्ट मिठी मारली. क्विझवाल्यांचा आवडता तपशील: पिचर आणि बॅटर दोघांच्याही पाठीवर ४४ होता. आणि ॲरनने एका हंगामात नेमके ४४ होमरन मारले, तेही चार वेळा: १९५७, १९६३, १९६६, १९६९. हा आकडा तुमच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहा, पुढे पुन्हा लागेल.

७५५ वा आला २० जुलै १९७६ ला मिलवॉकीत, जिथून कारकीर्द सुरू झाली त्याच शहरात. त्यानंतर हंगाम तसा बाकी होता, पण आणखी एकही झाला नाही.

७६२ हे बॅरी बाँड्सचे. त्याने ७५६ वा मारला ७ ऑगस्ट २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत, वॉशिंग्टनच्या माइक बॅसिकच्या चेंडूवर. या बॅसिकचे वडीलही मेजर लीगमध्ये पिचर होते आणि १९७६ मध्ये ७५५ वर उभ्या असलेल्या ॲरनला त्यांनी चेंडू टाकले होते. बापाने ७५६ होऊ दिला नाही, मुलाच्या हातून झाला. अंतिम फेरीत असा प्रश्न हमखास येतो. बाँड्सचा तो चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने लिलावात घेतला आणि लोकांचं ऑनलाइन मत घेऊन त्यावर शंकेची चांदणी (*) कोरली. तसाच तो आता कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या, संग्रहालयात आहे.

इथवर झालं ते एकदा मोठ्याने म्हणून बघा: १३८ कॉनर, ७१४ रूथ छपरावरून, ७५५ ॲरन मिलवॉकीत, ७६२ बाँड्स. घोकंपट्टी न करता येईल.

दुसरी साखळी एका हंगामाची. इथे २७, २९, ५४, ५९, ६०, ६१, ७०, ७३ अशी चढण आहे. २७ शिकागोच्या नेड विल्यमसनचे, १८८४ चे. त्या मैदानाचं कुंपण फारच जवळ होतं. २९, ५४, ५९ आणि ६० हे चारही रूथचे: १९१९, १९२०, १९२१ आणि १९२७. साठावा ३० सप्टेंबर १९२७ ला, वॉशिंग्टनच्या टॉम झॅकरीच्या चेंडूवर.

६१ म्हणजे रॉजर मॅरिस, १ ऑक्टोबर १९६१, हंगामाचा शेवटचा दिवस, बॉस्टनचा ट्रेसी स्टॅलर्ड पिचर. त्या दिवशी यँकी स्टेडियम अर्धंही भरलं नव्हतं, तेवीस हजारांच्या आसपास माणसं होती. त्याच वर्षी अमेरिकन लीगचा हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला होता. कमिशनर फोर्ड फ्रिक, जे पूर्वी रूथच्या नावाने छापून येणारे लेख लिहून देत, त्यांनी जुलैतच जाहीर केलं की १५४ सामन्यांनंतर विक्रम मोडला तर त्याची नोंद वेगळी होईल. म्हणून ‘मॅरिसच्या नावापुढे किती वर्षं चांदणी होती’ असा प्रश्न आला तर सावध व्हा. अधिकृत नोंदीत चांदणी कधीच नव्हती, दोन विक्रम वेगवेगळ्या ओळींत छापले जात एवढंच. १९९१ मध्ये तो भेद काढून टाकला, पण मॅरिस १९८५ मध्येच गेला होता. दडपणाने त्या वर्षी त्याचे केस पुंजक्यांनी गळत होते. ज्या एकोणीस वर्षांच्या पोराने तो चेंडू झेलला त्याने तो परत देऊ केला, तर मॅरिस म्हणाला, ठेव, चार पैसे मिळतील तुला. त्या पोराला त्याचे पाच हजार डॉलर मिळाले. ही गोष्ट मी दर वर्षी मंडळातल्या मुलांना सांगते.

७० मार्क मग्वायर, १९९८. ७३ बाँड्स, २००१. मग २०२२ मध्ये यँकीजच्या ॲरन जजने ६२ मारून अमेरिकन लीगचा मॅरिसचा विक्रम मोडला, ४ ऑक्टोबरला टेक्ससमध्ये. बघा, ‘अमेरिकन लीगचा’ हे दोन शब्द प्रश्नात असले तर उत्तर ६२, नसले तर ७३. २०२५ मध्ये सिॲटलच्या कॅल रॉलीने ६० मारले. तो कॅचर आहे, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी बॅटिंग करतो. कॅचर म्हणूनही तो विक्रम, दोन्ही हातांनी खेळणारा म्हणूनही. असल्या विशेषणांवरच प्रश्न उभे राहतात.

हे मी एका चुकीतून शिकले, आणि ती माझीच होती. क्विझ घ्यायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. मी विचारलं, ‘व्यावसायिक बेसबॉलमध्ये कारकिर्दीत सर्वांत जास्त होमरन कुणाचे?’ माझ्या कागदावर बाँड्स लिहिलेलं. मागच्या बाकावरचे एक वयस्क जपानी गृहस्थ म्हणाले, सदाहारू ओ, ८६८. मी चूक म्हणून पुढे गेले. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन माझाच प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा मला घाम फुटला. ‘मेजर लीगमध्ये’ हा शब्द मी लिहिलाच नव्हता. सदाहारू ओ १९५९ ते १९८० टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडून खेळला, पुढचा पाय बगळ्यासारखा वर घेऊन मारायचा, आणि ३ सप्टेंबर १९७७ ला त्याने ७५६ वा मारून ॲरनला मागे टाकलं. त्या गृहस्थांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि गुण दिले. तेव्हापासून प्रश्न काढताना आणि सोडवताना मी आधी चौकट शोधते: मेजर लीग की जगभर, लीग कुठली, कारकीर्द की हंगाम की एक सामना.

(ॲरन आणि ओ यांची १९७४ मध्ये टोकियोत होमरनची स्पर्धाही झाली होती. ॲरन १०-९ ने जिंकला. दोघे पुढे मित्र झाले.)

चौकटीचाच दुसरा भाग म्हणजे जॉश गिब्सन. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती त्या काळातला हा कॅचर. कूपर्सटाऊनमधल्या त्याच्या फलकावर लीगचे आणि इतर सामने मिळून जवळजवळ आठशे होमरन असं कोरलंय. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. मे २०२४ मध्ये मेजर लीगने त्या जुन्या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. त्यामुळे कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचा .३६७ मागे पडून गिब्सनचा .३७२ वर आला, आणि स्लगिंगमध्ये, म्हणजे एका बारीला सरासरी किती बेस मिळवले त्या मापात, रूथच्या .६९० वर गिब्सनचा .७१८. होमरनमध्ये मात्र अधिकृत लीग सामनेच धरले गेल्यामुळे त्याचा आकडा दोनशेच्याही आत आहे. तुमच्या हातातलं ट्रिव्हियाचं पुस्तक २०२४ च्या आधीचं असेल तर ही पानं खोडून नवी लिहा. दोन वर्षांत मी यावरून तीन वाद सोडवलेत.

जुने आकडेही बदलतात, हे क्रिकेटवाल्यांना थोडं चमत्कारिक वाटतं. शिकागो कब्जच्या हॅक विल्सनने १९३० मध्ये १९० धावा घरी आणल्याचा विक्रम सत्तर वर्षं पाठ केला गेला. मग जुने स्कोअरकार्ड तपासताना त्याची एक धाव सहकाऱ्याच्या नावावर गेलेली सापडली आणि १९९९ मध्ये आकडा १९१ झाला. स्कोअरबुक लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून अंगावर काटा येतो, पेन्सिलची एक चुकीची रेघ आणि एका माणसाचा हक्क सत्तर वर्षं अडलेला! उलट रूथचं घ्या. १९१८ मध्ये बॉस्टनला त्याने जादा इनिंगमध्ये चेंडू प्रेक्षकांत मारला, पण पुढच्या बेसवरचा खेळाडू घरी येताच सामना संपला. तेव्हाच्या नियमाने जिंकायला लागतील तेवढेच बेस मारणाऱ्याला मिळत, म्हणून त्याला तीन बेसचा फटका धरला गेला. साठच्या दशकाच्या शेवटी विक्रमांच्या समितीने तो होमरन मानून ७१५ करायचं ठरवलं आणि मग निर्णय मागे घेतला. आकडा ७१४ च राहिला. तसं झालं नसतं तर अटलांटातल्या त्या रात्री ॲरनची फक्त बरोबरी झाली असती.

फसवे प्रश्न बहुतेक उलट्या दिशेने येतात. मोठा माणूस घेतात आणि त्याने काय केलं नाही ते विचारतात. ॲरनने एकाही हंगामात पन्नास मारले नाहीत, जास्तीत जास्त ४७. त्याचं मोठेपण सातत्यात आहे, सलग वीस हंगाम वीस किंवा जास्त. त्याचे सगळेच्या सगळे ७५५ होमरन वजा केले तरी ३,०१६ हिट (म्हणजे बेस मिळवून देणारे फटके) उरतात, आणि तीन हजार हिट हा स्वतंत्रपणे मोठा मान आहे. एडी मरीने ५०४ मारले, पण एका वर्षात चाळीस कधीच नाही. सॅमी सोसाने तीन हंगामांत साठच्या वर मारले, ६६, ६३, ६४, असं आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. आणि त्या तिन्ही वर्षी तो लीगमध्ये पहिला नव्हता, दोनदा मग्वायर पुढे, एकदा बाँड्स. २००० मध्ये पन्नासच मारले आणि त्या वर्षी मात्र पहिला आला. डॉन मॅटिंग्लीने १९८७ मध्ये सहा ग्रँड स्लॅम मारले, त्याआधी एकही नाही, नंतरही नाही. ‘होमरन’ हेच टोपणनाव मिळालेल्या फ्रँक बेकरचे आयुष्यभरात ९६. नाव पडलं ते १९११ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, दोन दिवसांत दोन मोठ्या पिचरना मारलेल्या दोन फटक्यांमुळे. आणि भावांच्या जोडीत सर्वाधिक होमरन कुणाचे, असं विचारलं की लोक तीन-तीन भावांची नावं आठवत बसतात. उत्तर ॲरन बंधू, ७६८. हँकचे ७५५ आणि धाकट्या टॉमीचे १३.

आता तुमचा नाजूक प्रश्न, खरा किंग कोण. क्विझच्या कागदावर बाँड्स लिहा, ७६२ आणि ७३, दोन्ही अधिकृत आहेत, कुठलाही विक्रम काढून घेतलेला नाही. मग्वायरने उत्तेजकं घेतल्याचं २०१० मध्ये स्वतः कबूल केलं, तरी त्याचे ७० नोंदीत आहेतच. बाँड्सभोवती त्याच द्रव्यांचा संशय राहिला आणि बेसबॉल लेखकांच्या मतदानात दहा वर्षांत त्याला हॉल ऑफ फेमला लागणारी ७५ टक्के मतं एकदाही पडली नाहीत. प्रश्नात ‘अनेकांच्या मते’ असे शब्द असतील तर प्रश्न काढणाऱ्याच्या मनात ॲरन आहे असं समजा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर माझ्यासाठी किंग ॲरनच. पण बाँड्सला कमी लेखू नका. पिचर त्याला एवढे भ्यायचे की त्यांनी ६८८ वेळा त्याला मुद्दाम फुकट बेस दिला, आणि १९९८ मध्ये तर ॲरिझोनाने तिन्ही बेस भरलेले असताना तसं केलं, म्हणजे हाताने एक धाव देऊन टाकली. ते सामना एका धावेने जिंकले. पाचशे होमरन आणि पाचशे चोरलेले बेस (म्हणजे फटक्याविना, पळून गाठलेले) हे दोन्ही करणारा तो एकटाच आहे. ॲरनने स्वतः ७५६ च्या रात्री मैदानावरच्या मोठ्या पडद्यावरून त्याचं अभिनंदन केलं होतं.

वेळ कमी आहे म्हणून काय सोडायचं तेही सांगते. प्रत्येक वर्षी लीगमध्ये कोण पहिला आला ती यादी सोडा. होमरन किती फूट गेला ते सोडा, जुने आकडे मोजलेले नव्हते. ओहतानी मात्र सोडू नका: १९ सप्टेंबर २०२४, मायामी, एका सामन्यात तीन होमरन आणि दोन चोरलेले बेस, आणि एका हंगामात पन्नास-पन्नास करणारा पहिला. शेवटी ५४ आणि ५९. पुहोल्सचा ७०० वा २३ सप्टेंबर २०२२ ला, लॉस एंजेलिसमध्ये, त्याच सामन्यात ६९९ वाही. पाचशे होमरन आणि तीन हजार हिट दोन्ही असलेले सात जण पाठ करा, हे एवढं घोकावंच लागतं: ॲरन, मेज, मरी, पाल्मेरो, रॉड्रिगेझ, पुहोल्स, काब्रेरा.

राहिले तुमचे ५११, ५१२, ५२१. ५११ न्यू यॉर्क जायंट्सच्या मेल ऑटचे होमरन, आणि गंमत म्हणजे साय यंगचे पिचर म्हणून विजयही ५११. होमरन विचारलेत की विजय, ते ऐकून घ्या. ५१२ दोघांचे आहेत. एक शिकागो कब्जचा अर्नी बँक्स, जो वर्ल्ड सीरिज कधीच खेळू शकला नाही. दुसरा एडी मॅथ्यूज, जो ब्रेव्ह्ज टीमबरोबर बॉस्टन, मिलवॉकी आणि अटलांटा या तिन्ही शहरांत खेळला. ॲरनने ७१५ वा मारला त्या रात्री ब्रेव्ह्जचा मॅनेजर हाच मॅथ्यूज होता.

५२१ तिघांचे आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सचा फ्रँक थॉमस. सॅन फ्रान्सिस्कोचा विली मकोव्ही, जो ॲरनच्याच मोबील गावचा. ॲरनवरच्या प्रेमापोटी त्याने पाठीवर ४४ घेतला, आणि बाँड्सचे चेंडू ज्या खाडीत पडायचे तिला लोक मकोव्हीचंच नाव देतात. आणि तिसरा टेड विल्यम्स. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात वैमानिक म्हणून गेलेले जवळजवळ पाच हंगाम त्याच्या आकड्यात नाहीत. २८ सप्टेंबर १९६०, फेनवे पार्क, ढगाळ थंड दुपार, दहा हजारांच्या थोडे वर प्रेक्षक, आठवी इनिंग, बाल्टिमोरचा जॅक फिशर पिचर. बेचाळीस वर्षांच्या विल्यम्सने आयुष्यातल्या शेवटच्या बारीत चेंडू उजवीकडच्या बुलपेनमध्ये पोचवला, मान खाली घालून बेस पूर्ण केले आणि लोक ओरडत असतानाही टोपी न उंचावता आत गेला. टीमचे न्यू यॉर्कमधले तीन सामने बाकी होते. तिथे तो गेलाच नाही.